उजवा हात : नेहमीप्रमाणे

अक्कांना मी भर गल्लीत, दहा-बारा बायांच्या देखत घालवून दिलं, आणि चूक माझी होती. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू सावरत बसेन. तशी मला सवय आहे.

त्या वेळी मी जळगावला पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालव्यांचे, पाटचाऱ्यांचे नकाशे काढायचो. बायको तिथेच शाळेत शिकवायची. आईवडील सावद्याला, आमच्या जुन्या घरी. वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. केळीच्या बागेत चाळीस वर्षं काढलेला माणूस. एका सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जळगावच्या दवाखान्यात तीन आठवडे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता औषध थोडं आणि करणारं माणूस जास्त लागेल." नाना सावदा सोडायला तयार नव्हते. आईला गुडघ्यांमुळे त्यांना उचलणं जमणार नव्हतं. म्हणून अक्का आल्या.

अक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. सरकारी दवाखान्यात उभा जन्म आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की नळावर बोलल्या तर आमच्या माजघरात ऐकू यायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण माणसाला कुशीवर वळवायचं तर आधी त्याच्याशी बोलायच्या आणि मग हात लावायच्या. "नाना, आता तिकडं वळायचं हाये, भिंतीवरच्या पालीकडं तोंड करा," असं काहीतरी. नाना पालीला शोधेपर्यंत वळवून झालेलं असायचं.

खाण्यावरून मात्र त्यांची रोज जुंपायची. भरवून घ्यायला नानांना लाज वाटायची. घरात कुणी पाहुणा आला की ते जेवतच नसत. मला भूक नाही, असं डाव्या हाताने खुणावायचे. त्यांना स्वतःच्या हाताने, उजव्या हाताने, चारचौघांत बसून जेवायचं होतं. दुसरं काही त्यांनी त्या काळात मागितल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांनी त्यासाठी दाबायला एक लाल रबरी चेंडू दिला होता. नानांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून बाहेर टाकला. आईने आणून दिला, पुन्हा टाकला. "पोर... आहे का... मी?" एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला, पण बोलले.

पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं, कारण मी पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, यायचो. आलो की औषधांच्या बाटल्या तपासायचो, आईला चार सूचना करायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

एकदा मात्र रविवार नसताना आलो. ऑफिसच्या कामाने रावेरला गेलो होतो, वाटेत उतरलो. हिवाळ्याची संध्याकाळ होती. गल्लीत नळाला पाणी आलेलं, बायांची रांग. आमच्या ओट्यावर नाना खुर्चीत बसलेले, त्यांच्या मांडीवर टोपली, आणि टोपलीत कपाशीची बोंडं.

हंगामाच्या शेवटची बोंडं नीट उमलत नाहीत. अर्धवट उघडलेली, टणक असतात. शेतात बसून ती वेचायला वेळ नसतो, म्हणून घरी आणतात आणि फावल्या वेळात एकेक फोडून त्यातला कापूस बोटांनी ओढून काढतात. टोकं टोचतात, नखं दुखतात. नाना ते काम करत होते. लुळ्या हाताने. एकेका बोंडाशी झगडत होते, कपाळावर घाम. आणि अक्का समोर जोत्यावर पाय सोडून, हाताची घडी घालून बसलेल्या.

"काय नाना, एवढ्या येळात तं तुमच्या बागेतला घड पिकून गेला असता! हात चालवा. तोंड तं रोजच चालते तुमचं."

आमच्या शेतात कपाशी नव्हती. नुसती केळी. म्हणजे बोंडं अक्कांच्या घरची, हे मला लगेच कळलं. त्यांच्या दिराचा कपाशीचा तुकडा होता. मला जे दिसलं ते इतकं स्पष्ट होतं की विचारायची गरजच वाटली नाही.

मी पिशवी खाली टाकली आणि ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. "आजारी म्हाताऱ्याला राबवता? तुमच्या घरची कामं आमच्या बापाकडून करून घेता?" एवढं नक्की बोललो. नळावरच्या बाया हंडे तिथेच ठेवून बघत राहिल्या. आई आतून "अरे, ऐक तरी" म्हणत आली. नाना खुर्चीतून उठायला बघत होते, तोंडातून नुसते आवाज निघत होते, डोळ्यांत पाणी. ते पाणी मी माझ्या बाजूचं धरलं. बिचारा बाप इतके दिवस सांगू शकला नाही, असं मला वाटलं.

अक्का उठल्या. टोपली नानांच्या मांडीवरून उचलून कमरेवर घेतली. मला एकच म्हणाल्या, "बरं भाऊ." आणि गल्लीतून, सगळ्या बायांच्या मधून, घरी गेल्या.

जळगावला मी हे बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने वह्या तपासता तपासता विचारलं, "नानांना विचारलं का?"

"त्यांना बोलता कुठे येतंय?"

"आईंना येतं ना," ती म्हणाली आणि पुढची वही घेतली.

जळगावात एका गृहस्थांनी रुग्णांच्या घरी शिकवून तयार केलेली माणसं पाठवायचं काम तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं. त्यांचा नियम होता, दर पंधरा दिवसांनी माणूस बदलायचा. "एकच माणूस राहिला की सलगी होते, काम ढिलं पडतं," ते म्हणाले. मला हे फार पटलं. अक्कांचं नेमकं तेच झालं होतं ना! शिवाय मी आरेखक माणूस. मी एक तक्ताच तयार केला. काळ्या शाईने, सुबक अक्षरांत. सकाळी सहा ते रात्री नऊ, औषध, आंघोळ, जेवण, कूस बदलणे, आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना. तो आमच्या माजघरात लावला. नाना त्या तक्त्याकडे असे बघायचे, जसे लग्नात न ओळखणाऱ्या पाहुण्याकडे बघतात.

पहिला आला तो पांढऱ्या कपड्यांतला, काटेकोर. ताप नसताना दिवसातून तीनदा ताप बघायचा. दुसऱ्याने समज करून घेतला की ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार. तो नानांच्या कानाशी तोंड नेऊन असा ओरडायचा की शेजारच्या घरचे "हो, आलो" म्हणून उत्तर द्यायचे. नानांनी पंधरा दिवस सोसलं. शेवटच्या दिवशी त्यांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा जोर काढून "जा!" असं ओरडले. गेल्या काही महिन्यांतला त्यांचा तो सगळ्यात स्पष्ट शब्द. आई हे सांगताना अजूनही पदर तोंडाला लावते.

चौथा होता शिंदखेड्याकडचा. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, आवाज गोड. काम करता करता गाणी म्हणायचा. नाना त्याच्यावर खूश. तोही नानांवर. नाना ताटाकडे हात नेऊ लागले की हा त्यांचा हात अलगद बाजूला ठेवायचा. "नाना, तुम्ही कसाले तरास करतस? मी शे ना!" आणि स्वतः कालवून, फुंकर मारून घास भरवायचा. इतक्या मायेने की नानांना लाजसुद्धा वाटेनाशी झाली. पंधरा दिवस झाले आणि तोही गेला. तो गेला तेव्हा नाना दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते, असं आई म्हणाली.

यातला एकही माणूस वाईट नव्हता. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सगळे वेळेवर उठायचे, स्वच्छ राहायचे. दर पंधरा दिवसांनी आई नव्या माणसाला दारातच सगळं सांगायची. डाव्या कुशीवर जास्त वेळ नको, चहा बशीत लागतो, पायाला थंडी वाजते पण पांघरूण सांगत नाहीत, दुपारी रेडिओ लावला की चिडतात. "आता मी आरतीसारखं म्हणते," आई म्हणायची. "ऐकणारा बदलतो, मी तीच." तो शिकायचा, त्याला जमायला लागायचं, आणि जायचा.

मी रविवारी आलो की आधी तक्ता वाचायचो. शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. मला समाधान वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी नव्या माणसाला यायला उशीर झाला, आणि नानांना आंघोळ घालायची वेळ माझ्यावर आली. मी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना आंघोळ घालत होतो. उजव्या हाताशी आलो. मूठ मिटलेली होती. उघडायला गेलो तर उघडेना. जरा जोर केला तेव्हा नाना कळवळले. बोटं कशीबशी अर्धी वर आली, आत पाहिलं. तळव्याला वास येत होता, आणि वाढलेल्या नखांनी कातडीत चार खुणा केल्या होत्या. दोन ओल्या होत्या.

मी आईला हाक मारली. तिने वाकून पाहिलं. "मला वाटलं, ते रोज धुतात," ती म्हणाली.

तेव्हा मी तक्त्यामागे अडकवलेली पानं काढली; नवा माणूस आला की पहिल्या दिवशी नानांची स्थिती त्यांवर लिहायचा. पहिल्या माणसाने लिहिलं होतं, 'उजवा हात : बोटे हलतात.' दुसऱ्याने, 'उजवा हात : थोडा हलतो.' तिसऱ्याने, 'मूठ मिटलेली.' त्याच्यानंतरच्या प्रत्येकाने एकच लिहिलं होतं, 'उजवा हात : नेहमीप्रमाणे.'

त्यात कुणी खोटं लिहिलं नव्हतं. जो तो दारातून आत आला तेव्हा नाना जसे होते, तेच त्याचं नेहमीचं. हा हात याआधी काय करू शकत होता हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून मी आईला विचारलं. तीन महिन्यांनी, पहिल्यांदा.

"अरे, दिवाळीनंतर ते भाकरीचा तुकडा मोडायला लागले होते," आई म्हणाली. "चार घास आपल्या हाताने खायचे. चेंडू टाकून दिला तेव्हा अक्कांनीच युक्ती काढली. म्हणाल्या, पोरखेळ करणार नाहीत, पण दुसऱ्याच्या घरचं काम अर्धं सोडणार नाहीत. दिराकडून बोंडं मागून आणायच्या. नानांना सांगायच्या, तुमचं करण्यात माझा दिवस जातो, माझी बोंडं तशीच पडलीत, आता तुम्हीच बघा. आणि हे रोज टोपली संपवायचे. निवडलेला कापूस बघून दीर हसायचा त्यांना. त्यात अर्धा कचराच असायचा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. तू ऐकलंस कुठे?"

नाना ओल्या अंगाने पाटावर बसून आमच्या दोघांकडे बघत होते. आईने त्यांच्या पाठीवर पंचा टाकला.

अक्का गावात नव्हत्या. मुलीचं बाळंतपण करायला पिंपळनेरला गेल्या होत्या. मी रजा काढली. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर. एसटीत दिवसभर माफीची वाक्यं जुळवत होतो. धुळ्याच्या स्टँडवर एक चांगलं वाक्य सुचलं होतं, ते साक्रीपर्यंत विसरलो.

अक्का अंगणात पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर नातू पालथा, त्याला तेल चोळत. मला पाहून त्यांनी मान वर केली. नमस्कार नाही, ये नाही, बस नाही.

"मूठ उघडते का?"

मी नाही म्हणून मान हलवली. "आईने बोलावलंय," एवढंच म्हणालो, जसा निरोप्या.

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या आणि नातवाला उलटा केला. "सव्वा महिना होऊ दे पोरीचा. मंग येते. तवलग रोज कोमट पाण्यात हात ठेव. जोर करू नको. मऊ फडक्याची गुंडाळी करून मुठीत दे, आठ दिवसांनी जरा जाड कर. तू कर, दुसऱ्याले सांगू नको."

मी महिनाभर सावद्याला राहिलो. ऑफिसात सगळी शिल्लक रजा संपवली. रोज सकाळी परातीत कोमट पाणी, त्यात नानांचा हात, आणि माझा. त्याआधी आम्ही दोघं इतका वेळ गप्प एकत्र कधी बसलो नव्हतो. खुणा भरल्या, गुंडाळी सुतळीएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली.

अक्का ठरल्याप्रमाणे आल्या. नानांनी त्यांना दारात पाहिलं आणि चेहरा एका बाजूने हसला. दुसरी बाजू अजून तयार नव्हती.

"काय नाना, मी नव्हते तं मूठ झाकून बसले? काय दडवलं हाये आत?"

त्यांनी आल्या आल्या अट घातली. "मी एकली आता पुरायची नाई. मलेही वय झालं. उद्या मी पडले तं पुन्हा नवा माणूस, पुन्हा पह्यल्यापासून. माझ्या हाताखाली एक कायमचा माणूस दे, म्हणजे त्याले सगळं ठावं राहीन." कोण हवा, म्हणून नानांना विचारलं. नानांनी डाव्या हाताने टाळ धरल्याचा अभिनय केला. आम्हाला कळेना. मग त्यांनी तोंड वासून बेसूर आवाज काढला, तेव्हा आई म्हणाली, "गाणारा!"

शिंदखेड्याच्या त्या माणसाला मी शोधून आणला. जळगावच्या गृहस्थांना सांगितलं की आमच्याकडे बदली नको, सलगीच हवी. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी त्याने सवयीने घास उचलला आणि अक्कांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"गाणं म्हण तू. घास त्याहिले घेऊ दे."

"पन सांडतस ना अक्का!"

"सांडू दे. चिमण्या खातीन."

बोंडांचा हंगाम गेला होता. अक्कांनी चिंचा आणल्या. चिंचा फोडून चिंचोके काढायचं काम. यात अडचण एवढीच झाली की दोन चिंचा फोडल्या की नाना एक तोंडात टाकायचे. डाव्या हाताने टाकली तर अक्का ओरडायच्या, उजव्या हाताने टाकली तर दुसरीकडे बघायच्या. दोन आठवड्यांत नाना उजव्या हाताने चिंच चोरायला लागले. पावसाळ्यात भुईमुगाच्या शेंगा आल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बोंडं. आणि त्यानंतर एका दुपारी, माझे मामा आलेले असताना, नानांनी आपलं ताट बाहेर मांडायला लावलं. खिचडी होती. निम्मी धोतरावर गेली. मामा बघत नसल्यासारखं करत होते. शिंदखेड्याचा माणूस मोठ्याने गात होता. नानांनी ताट पुसून खाल्लं.

मला वाटलं, आता सगळं नीट झालं. पण माझं राहिलंच होतं. अक्का रोज घरात होत्या, आणि मी दर रविवारी माफी मागायची ठरवून यायचो. एकदा स्वयंपाकघरात गाठून म्हणालो, "अक्का, माझं चुकलं."

"काय चुकलं? चहात साखर कमी टाकली का?" म्हणून त्यांनी कप बघितला.

दुसऱ्यांदा ओट्याच्या कोपऱ्यात, हळूच. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

"भाऊ, मी म्हाताऱ्याले राबवते म्हणून तू मले गल्लीत वरडून सांगतलं. त्यानंतर सहा महिने बाया नळावर मले पाहून गप बसायच्या. आता हे तू कानात कायले सांगू रायला? मी काई बहिरी नाई."

त्या आत निघून गेल्या. मला वाटत होतं माझ्या अपराधाचं ओझं मला एकट्यालाच आहे. त्यांनी ते घेऊन नळावर पाणी भरलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचा रविवार उन्हाळ्यातला होता. गल्लीत खाटा आणि जुनी लुगडी पसरलेली, सगळ्या घरच्या बाया ज्वारीच्या बिबड्या, आमच्याकडचे पापड, थापायला जमलेल्या. त्याच बाया. अक्का मध्यभागी पातेलं घेऊन. नाना ओट्यावर खुर्चीत, कावळे हाकलायची काठी उजव्या हातात. मी घरातून बाहेर आलो आणि ओट्याच्या कडेला उभा राहिलो.

"काय भाऊ, भाषण हाये का?" एक काकू म्हणाल्या. "निवडनूक तं कवाचीच झाली!"

हशा झाला. मीही हसलो, आणि त्याने जरा बरं झालं.

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी इथे अक्कांना काहीतरी बोललो होतो," मी म्हणालो.

बायांचे हात थांबले. अक्कांचा थांबला नाही. खाली बघून थापत थापत त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल. पल्याडच्या ओट्यावर ऐकू जात नाई."

म्हणून मी मोठ्याने बोललो. "अक्का नानांना राबवत नव्हत्या. नानांचा हात यावा म्हणून त्या आपल्या दिराकडून बोंडं मागून आणत होत्या. मी कुणाला काही न विचारता, तुमच्या सगळ्यांसमोर त्यांच्यावर आळ घेतला, आणि त्यांना घालवून दिलं. त्यानंतर नानांचा हात मिटला, तो माझ्यामुळे मिटला. तो अक्कांनी उघडला. अक्का, मी खोटं बोललो होतो. मला माफ करा."